‘समान’मधला न

आमच्या शाळेत विविधता शिकवायला ज्या बाई आल्या त्यांनी आडनाव सांगितलं नाही. नुसतं पहिलं नाव सांगितलं, फळ्यावर ‘ओळख आणि पूर्वग्रह’ असं लिहिलं आणि कामाला लागल्या. आमचा शिक्षकवर्ग तिथेच अडकला.

प्रत्येकाला एक कागदी फूल वाटलं होतं. एकेका पाकळीवर आपली एकेक ओळख लिहायची. आमच्या सांस्कृतिक विभागाच्या बाईंनी सगळ्या पाकळ्यांवर ‘आई’ लिहिलं आणि टाळ्या मिळवल्या. पीटीच्या सरांनी ‘माणूस’ लिहिलं, त्यांनाही मिळाल्या. मी ‘मराठीची शिक्षिका’ लिहून बाकीच्या पाकळ्या कोऱ्या ठेवल्या, कारण वह्या तपासायच्या राहिल्या होत्या.

जेवणाच्या सुट्टीत खरं प्रशिक्षण झालं.

“मूळच्या कुठल्या हो तुम्ही?” सांस्कृतिकच्या बाईंनी पाहुणीला विचारलं.

“पुण्याची.”

“पुण्यात कुठे? पेठेत?”

“नाही, बाहेर.”

“सासर की माहेर?”

“दोन्ही.”

“अच्छा. आणि घरी खाणंबिणं? सगळं चालतं?”

“मला सगळं चालतं,” त्या हसून म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या. त्यांची पाठ वळल्यावर सांस्कृतिकच्या बाई आमच्याकडे झुकल्या. “आडनाव लपवतेय म्हणजे कळलंच ना. सकाळपासून मला वाटतच होतं, बोलणं जरा तसलंच आहे.” दुपारच्या सत्रात ह्याच बाईंनी ‘मी कोणाबद्दलही पूर्वग्रह बाळगणार नाही’ ही प्रतिज्ञा माइकवरून सगळ्यांना सांगितली. आवाज चांगला आहे त्यांचा. शाळेत माइक नेहमी त्यांच्याकडेच असतो.

शाळा कोपरखैरण्यात आहे, मराठी माध्यमाची. पट टिकवायचा म्हणून येईल त्या मुलाला आम्ही घेतो, त्यामुळे पाहुण्या बाईंना हवी ती सगळी विविधता आमच्या एका बाकावर बसलेली असते. तरी मुलांच्या लेखी प्रकार दोनच, सेक्टरवाले आणि गाववाले. शहर वसवायला सरकारने ज्यांच्या शेतजमिनी आणि मिठागरं घेतली त्यांची जुनी गावं अजून सेक्टरांच्या मध्ये आहेत. गल्ल्या अरुंद, घरं चार मजली, आणि घरांत भाडेकरू. ह्या गावांतले ते गाववाले. सेक्टरवाल्यांच्या मते गाववाले आडदांड, सोनं घालून फिरणारे, जमिनीच्या पैशावर बसून खाणारे. गाववाल्यांच्या मते आम्ही सगळे घाटी. माझे वडील साताऱ्याकडून येऊन तुर्भ्याच्या मार्केटात गोणी उचलायचे, तेव्हा माझ्या बाबतीत हे बरोबरच आहे. शाळेत असताना माझ्या ‘लई’ला पोरं हसायची. मी वर्षभरात ते सोडून दिलं. त्याचं मला दुःख वगैरे नाही, पण त्याला शिक्षण म्हणायचं नसतं एवढं कळतं.

प्रशिक्षणानंतर शाळेने कार्यक्रम करायचा होता. पाहुणे येणार, फोटो काढणार, आणि मग शाळेला ‘समावेशक शाळा’ असं प्रमाणपत्र मिळणार. मुख्याध्यापिकांनी वाटणी केली. नाच आणि वेशभूषा सांस्कृतिककडे, ‘आपण सगळे समान’ ह्या विषयावर एका विद्यार्थ्याचं भाषण माझ्याकडे.

मी आठवीतली एक मुलगी निवडली. गावातली, आगरी घरातली. वडिलांचा पाण्याचा टँकर, घराच्या वरच्या मजल्यांवर भाड्याच्या खोल्या. पोरगी तोंडाने तेज होती. मधल्या सुट्टीत तिच्याभोवती कायम घोळका, कारण ती सगळ्यांच्या नकला करायची. माझी तर हुबेहूब. चष्मा कपाळावर ढकलून, “वही आणली नाहीस? मग काय आणलंस, स्वतःला?” हे मी म्हणते त्याच सुरात. मी एकदा मागे उभं राहून ऐकलं आणि तेव्हाच ठरवलं की हिला व्यासपीठावर आणायचं.

भाषण तिचं तिनेच लिहिलं. ‘आमच्या चाळीत भाडेकरू सगळ्या मुलखांचे आहेत. कोणाची भाषा कोणाला कळत नाही. पण सकाळी पाणी येतं तेव्हा भांडताना सगळे समान असतात.’ मी वाचून हसले. पूर्वग्रहावर दिवसभर जे ऐकलं त्यापेक्षा ह्यात जास्त जीव होता. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी तिने ‘आपण सगळे समान आहोत’ हे वाक्य ठेवलं होतं, घोषणेसारखं. तिचं ते आवडतं वाक्य झालं. वर्गात शिरताना हात वर करून म्हणायची आणि पोरं ओरडून साथ द्यायची.

स्टाफरूममध्ये नाव सांगितलं तशा सांस्कृतिकच्या बाई म्हणाल्या, “अहो, तिला? तिचे उच्चार ऐकलेत का? पानी, लोनी, कोनी. पाहुण्यांसमोर?”

“तिचं भाषण आहे, तिच्या उच्चारात करेल.”

“मग तुम्ही मराठी शिकवता कशाला?”

“लेखी पेपरात मी तिचे गुण कापते. तिथे कापायचे असतात. भाषणात कोण कापणार आहे?”

“त्यापेक्षा कोळीनृत्यात घ्या ना तिला. शोभेल किती! चेहराही तसाच आहे.”

कोळीनृत्य आमच्याकडे दरवर्षी असतं. त्यात नाचतात त्या सेक्टरच्या मुली. कोळणीसारखं लुगडं नेसवायला मात्र शाळेत कोणालाच येत नाही, म्हणून यंदा निरोप गेला ह्या मुलीच्या आईला. ती बिचारी दुपारचं सगळं टाकून आली आणि ओळीने मुलींना नेसवत बसली. तोंड चालूच होतं.

“सरल उबी ऱ्हा गो. पोट आत नको घेव, नाचताना सुटंल ना मग.” मग माझ्याकडे वळून, “मॅडम, ह्यांना सांगा, आमी आगरी. कोली नाय. कोली लोकं तिकरं दिवाले गावान. आमचा नेसना वेगला असतंय. मी आपली अंदाजान नेसवतंय.”

मी ते सांस्कृतिकच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “एकच हो सगळं. पाहुण्यांना काय कळतंय?”

तर आगऱ्याच्या बाईने अंदाजाने नेसवलेलं लुगडं कोळणीचं ठरलं, आणि त्याचे फोटो विविधतेच्या फलकावर लागले.

भाषणाचा सराव मी माझ्याकडे ठेवला होता. एकच सूचना दिली, सावकाश बोल. ती घरी बोलते तसंच बोलायची. पानी, भांडन, कोनी. ‘समान’ तर तिच्या तोंडी जन्मापासून बरोबरच होतं, त्यात न आहेच. सराव उत्तम झाला. मुख्याध्यापिकांनीही एकदा ऐकलं आणि “गोड आहे” म्हणाल्या. मोठ्या माणसांना हे एवढंच म्हणता येतं.

कार्यक्रमाच्या सकाळी मी पाहुण्यांच्या हारांमागे होते. तेवढ्या वेळात सांस्कृतिकच्या बाईंनी मुलीला प्रयोगशाळेत नेलं आणि ‘शेवटचा हात’ फिरवला. हे मला नंतर मुलांकडून कळलं. दार उघडं होतं आणि नाचाच्या मुली बाहेर उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं. जीभ मागे वळव. टाळूला लाव. पाणी. लोणी. कोणी. म्हण. परत म्हण. अजून न येतोय. आज पाहुणे आहेत, आईवडिलांचं नाक कापायचंय का? परत म्हण.

पोरगी हुशार, नकलाकार. तिने तासाभरात ण उचलला. पण कुठे ण आणि कुठे न, हे तासाभरात कोणाला येत नाही. ते लहानपणापासून कानावर पडावं लागतं, नाहीतर शब्द न् शब्द पाठ करावा लागतो. तिला एवढंच कळलं की आपल्या तोंडातला न चुकीचा आहे. मग तिने तो सगळीकडून काढून टाकला.

ती व्यासपीठावर आली. शाळेचा गणवेश, दोन घट्ट वेण्या. माइक खाली करून घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“माणणीय प्रमुख पाहुणे...”

मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. मी उभी राहिले. ती पुढे गेली. चाळ आली, भाडेकरू आले.

“...पण सकाळी पाणी येतं, तेव्हा भांडताणा सगळे समाण असतात. आपण सगळे समाण आहोत!”

आणि तिने सवयीने हात वर केला, वर्गातल्यासारखा.

सभागृह हसलं. मुलं आधी, मग पालक. प्रमुख पाहुणे चांगल्या घरातले दिसत होते, त्यांनी ओठ मिटून घेतले, पण खांदे हलत होते. मुख्याध्यापिकांनी रुमाल तोंडाला लावला. सांस्कृतिकच्या बाईंनी कपाळाला हात लावला, जणू अपमान त्यांचा झाला होता. मुलीला वाटलं पाण्याच्या भांडणाला हसले. तीही हसली. हे मला अजून पाहवत नाही, ती त्यांच्याबरोबर हसली ते.

मग पुढच्या परिच्छेदाच्या शेवटी ती त्याच वाक्याशी आली आणि पहिल्या रांगेतून एका मुलाने तिच्याआधीच ओरडून सांगितलं, “समाऽऽण!”

तिला कळलं. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोल म्हणून. तिने तोंड उघडलं, “आपण सगळे...” आणि थांबली. जीभ कुठे लावायची ते ती शोधत होती, हे मला खालून दिसत होतं. सभागृह वाट बघत होतं. तो शब्द आलाच नाही. तिने नमस्कार केला आणि खाली उतरली.

प्रमुख पाहुण्यांनी आपल्या भाषणात तिचं कौतुक केलं. छोट्या मुलीने किती निरागसपणे विचार मांडले वगैरे. पुढे म्हणाले की आपली मायबोली शुद्ध बोलली गेली पाहिजे. त्यावर मोठ्या टाळ्या पडल्या. मग कोळीनृत्य झालं आणि वन्स मोअर मिळाला. मुलीची आई लुगडी सुटतील म्हणून पिना घेऊन विंगेत उभी होती. भाषण तिने तिथूनच ऐकलं होतं.

ती माझ्याजवळ आली. “मॅडम, हसली कनाला सगली? पोरीनं तर शुद्ध बोललंय ना?”

मी सांगितलं, काय झालं ते. लपवण्यासारखं काही नव्हतं.

“म्हंजे बोललंय तरी हसतान, आन नाय बोललंय तरी हसतान,” ती म्हणाली. पिना डबीत भरल्या. “तुमा घाटी लोकांचा आमाला कई समजलाच नाय बगा.”

तिचं खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मुलीचं नाव ‘समाण’ पडलं. ए समाण, खोडरबर दे. ए समाण, पाणी पिऊण ये. मी वर्गात दोघांना उभं केलं, एकाला बाहेर काढलं, पालकांना बोलावलं. एका मुलाची आई म्हणाली, “मस्करी आहे हो मॅडम, पोरं आहेत. आणि गाववाले काय कमी आहेत का? आमच्या ह्यांना पार्किंगवरून कसलं बोलले होते!” पार्किंगचा हिशेब आठवीतल्या पोरीकडून वसूल होत होता आणि त्या बाईला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

स्टाफरूममध्ये मी सांस्कृतिकच्या बाईंना विचारलं, सकाळी तिला न्यायची काय गरज होती.

“तिच्या भल्यासाठीच ना? उद्या इंटरव्ह्यूला गेली आणि पानी म्हणाली तर कोण घेणार तिला? तुम्ही?”

“तिचं ‘समान’ बरोबर होतं. ते तुम्ही चुकवलंत.”

“मी समान शिकवलंच नव्हतं, मी पाणी शिकवलं. तिने डोकं वापरायला नको?” मग इतरांकडे बघून, “ह्यांना आता फार पुळका. जशी काही सख्खी भाची.”

मुख्याध्यापिका म्हणाल्या, “मॅडम, विषय वाढवू नका. प्रमाणपत्र यायचंय अजून.”

ते आलं. कार्यालयाबाहेर काचेत लावलं आहे.

मी गप्प बसणारी बाई नाही, म्हणून जे माझ्या हातात होतं ते केलं. मराठीच्या तासाला मुलांना सांगितलं, घरी बोलतात ते शब्द आणा, पुस्तकात नसलेले. मुलांनी हौसेने आणले. साताऱ्याच्या मुलाने ‘कालवण’ आणि ‘हिकडं’ आणलं, मालवणच्या मुलीने ‘खंय’ आणि ‘झील’. विदर्भातल्या एकाने ‘कायले’ म्हटलं आणि वर्ग लोळला. प्रत्येक शब्दाला मुलं हसत होती आणि ज्याचा शब्द तोही हसत होता. मला वाटलं जमतंय. पाहुण्या बाई असत्या तर त्यांनी फोटो काढला असता.

मग मी त्या मुलीकडे वळले. वर्गात ह्या जमिनीची सगळ्यात जुनी भाषा एकट्या तिच्या घरात होती. बाकी आम्ही सगळे नंतर आलेले. तसं मी वर्गाला सांगितलंही.

ती उभी राहिली. हातात काही नव्हतं.

“आमच्यात तसले शब्द नसतात, मॅडम.”

कोणीतरी हळूच ‘नसतात’चं ‘णसतात’ करून पाहिलं, पण ते जमलं नाही, कारण शब्दाच्या सुरुवातीला ण कोणालाच म्हणता येत नाही. मला तेव्हा तिच्या बोलण्यातलं लक्षात आलं नाही. पुढच्या काही महिन्यांत आलं. ती फार कमी बोलायची आणि बोलायची ती शब्द निवडून. मराठीत शब्दाच्या सुरुवातीला ण येत नाही, तिथला न बिनधोक, हे तिने आपलं आपण शोधून काढलं होतं. मधला आणि शेवटचा मात्र धोक्याचा. ज्या शब्दात मध्ये किंवा शेवटी न-ण असेल तो ती घेतच नसे. ‘कोण’ टाळायची. ‘आणि’ टाळायची, दोन वाक्यं करायची. हे व्याकरण मला बी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं. ते सुचायला भरल्या सभागृहात हसं व्हावं लागतं.

नकला बंद झाल्या. मधल्या सुट्टीतला घोळका एका दुसऱ्या मुलीकडे गेला.

दहावीला तोंडी परीक्षा मीच घेतली. चित्रवर्णन होतं, विहिरीचं चित्र. हे चित्र दरवर्षी असतं. मी तिच्यासाठी बदलायला हवं होतं का, असा विचार केला आणि नाही बदललं. बघू, म्हटलं.

तिने चित्र नीट पाहिलं. घाई केली नाही.

“ही विहीर आहे. दोघी बायका जल भरत आहेत. एक मुलगी घागर उचलते आहे. झाडाखाली वासरू उभे आहे.”

जल. रोज टँकरने पाणी वाटणाऱ्या माणसाची मुलगी विहिरीवरच्या बायकांच्या घागरीत जल भरत होती. मी शेजारच्या सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, “वा, भाषा छान आहे हं. संस्कृतप्रचुर.”

मी पूर्ण गुण दिले. काढायला एकही चूक नव्हती.

निकालानंतर ती दाखला न्यायला आली. गुण चांगले होते, मराठीत सगळ्यात जास्त. वाशीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. कार्यालयात रांग होती म्हणून आम्ही प्रमाणपत्राच्या काचेखालच्या बाकावर बसलो. आत सांस्कृतिकच्या बाई यंदाच्या कार्यक्रमासाठी मुली निवडत होत्या. आता त्यांना ‘विविधता समन्वयक’ असं पद आहे. त्यांचा आवाज बाहेर येत होता, “तू गावातली ना? मग आईला विचार, लुगडं नेसवता येतं का.”

मुलीनेही ते ऐकलं.

“मराठी ठेवलीस ना?” मी विचारलं. अकरावीला दुसरी भाषा सोडून आयटी घेता येतं, हे मला माहीत होतं. तरी विचारलं.

“मराठीऐवजी आयटी घेतलं, मॅडम.”

“आवडतं का तुला?”

तिने क्षणभर शब्द शोधले. “त्याला तोंडी परीक्षा नसते.”

मी ‘बरं’ म्हटलं. बोल, घाबरू नकोस, असं सांगायचं तोंड ह्या शाळेतल्या कोणालाही उरलेलं नाही.

दाखला मिळाला. मी फाटकापर्यंत गेले. बाहेर तिची आई स्कूटरवर बसून होती, डोक्यावर ओढणी, ऊन मी म्हणत होतं. आम्हाला पाहून तिने तिथूनच मोठ्याने हाक मारली. रस्त्यावरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने, जशी ती लुगडी नेसवताना बोलायची.

“आटप गो! किती येल! घसा सुकला माजा. पानी आनलंस का नाय?”

मुलीने आधी मागे पाहिलं. फाटकाजवळ तिच्याच वर्गातली दोन मुलं उभी होती. मग ती आईच्या अगदी जवळ गेली आणि खालच्या आवाजात म्हणाली,

“बाटली डिकीत आहे.”